पियानोपुढची फीत

ग्रँड पियानोचे ध्वनिमुद्रण ऐकताना पुष्कळदा असे होते की स्वर सारे जागेवर असतात, वादकाचा हातही कसलेला असतो आणि तरी दहाव्या मिनिटाला कान शिणतात. वरच्या सप्तकातील स्वर काचेवर खडा पडावा तसे टोचू लागतात. अशा वेळी दोष वादकाचा नसतो, बहुधा वाद्याचाही नसतो. फेल्टने मढवलेली हातोडी तारेवर आदळते त्या क्षणीचा ठोका मायक्रोफोनने वाजवीपेक्षा ठळक टिपलेला असतो आणि ठोक्यामागून उमलणारा नाद मात्र मागे राहिलेला असतो. जाणकार ध्वनिमुद्रक पियानोसाठी रिबन मायक्रोफोनकडे वळतात, ते मुख्यतः या कारणाने.

या मायक्रोफोनचे अंतरंग अगदी साधे आहे. लोहचुंबकाच्या दोन ध्रुवांमध्ये अ‍ॅल्युमिनियमची एक चुणीदार फीत सैलसर टांगलेली असते. हवा हलली की फीत हलते, फीत हलली की तिच्यात सूक्ष्म वीज निर्माण होते. कोल्स ४०३८ या प्रसिद्ध ब्रिटिश मायक्रोफोनमधील फितीची जाडी ०.६ मायक्रॉन आहे. माणसाचा केस तिच्या सुमारे शंभरपट जाड भरेल. कंडेन्सर मायक्रोफोनमधील पडदा ताणलेला असतो आणि उंच स्वरांना तो अनेकदा थोडी अधिक धार देतो. सैल फितीचे स्वतःचे कंपन ऐकू येणाऱ्या स्वरांच्या तळाशी किंवा त्याहूनही खाली असते आणि अतिउंच स्वर ती हळुवारपणे उतरवत नेते. म्हणून हातोडीचा ठोका ऐकू येतो, पण बोचत नाही.

ही युक्ती जुनी आहे. जर्मनीत वॉल्टर शॉट्की आणि एर्विन गेरलाख यांनी १९२४ च्या सुमारास ती मांडली. अमेरिकेत आरसीए कंपनीच्या हॅरी ओल्सन यांनी तिला व्यवहार्य रूप दिले आणि १९३० च्या दशकात तेथील रेडिओ केंद्रांवर आरसीए ४४ हा मायक्रोफोन जणू प्रतिष्ठेचे चिन्ह बनला. कोल्स ४०३८ ची रचना बीबीसीच्या अभियंत्यांची. पुढे कंडेन्सरच्या लखलखीत आवाजापुढे फितीचा मायक्रोफोन अडगळीत गेला. मात्र डिजिटल मुद्रणात उंच स्वरांचा कर्कशपणा जसाच्या तसा उतरू लागला, तेव्हा लोकांना त्याची पुन्हा आठवण झाली. रॉयर कंपनीचा आर-१२१ हा १९९८ मधला, म्हणजे या पुनरागमनाच्या काळातला.

निवड करताना नावलौकिकापेक्षा दोन गोष्टी आधी पाहाव्यात. पहिली प्रीअँपची. साध्या रिबन मायक्रोफोनमधून निघणारी वीज इतकी अल्प असते की पियानोच्या मंद वादनासाठी साठ डेसिबल किंवा त्याहून अधिक वर्धन लागते. प्रीअँप हलका असला तर त्याची खरखर वादनावर पसरते. महागडा मायक्रोफोन आणि स्वस्त प्रीअँप हा सौदा बुडीत खात्याचा. दुसरी गोष्ट जोडीची. स्टीरिओसाठी एकसारखे प्रतिसाद देणारे दोन मायक्रोफोन हवेत. एईए आर८८ किंवा रॉयर एसएफ-१२ यांत एकाच नळीत दोन फिती परस्परांशी काटकोनात बसवलेल्या असतात, त्यामुळे जोडी जुळवण्याचा प्रश्नच मिटतो.

काटकोनातील ही मांडणी ॲलन ब्लूमलाइन या इंग्रज अभियंत्याची. त्यांनी १९३१ मध्ये स्टीरिओच्या पेटंटसाठी अर्ज केला होता. अकरा वर्षांनी रडारची चाचणी चालू असताना विमान कोसळून त्यांचा मृत्यू झाला. फीत पुढून ऐकते तितकेच मागून ऐकते. बाजूंना, वर आणि खाली मात्र ती जवळजवळ बहिरी असते. मायक्रोफोन कोठे ठेवावा याचे सारे शास्त्र या एका गुणात सामावले आहे.

पियानोचे झाकण पूर्ण उघडावे आणि जोडी वाद्याच्या वळणदार बाजूसमोर, साधारण दोन मीटर अंतरावर व माणसाच्या उंचीइतकी वर धरून आरंभ करावा. हे अंतर मनमानीचे नाही. ब्लूमलाइन जोडीने संपूर्ण वाद्य नव्वद अंशांच्या कोनात पाहिले पाहिजे, अन्यथा टोकांचे स्वर विस्कटतात. स्टाइनवेचा मैफलीचा पियानो २७४ सेंटिमीटर लांब आहे. त्याच्या मध्यासमोर सुमारे १३७ सेंटिमीटरवर तो कोन जेमतेम पुरतो, दोन मीटरवर सहज पुरतो. तेथून पट्ट्यांच्या बाजूला सरकल्यास ठोका स्पष्ट होतो, शेपटीकडे सरकल्यास खर्ज भरदार होतो. वितीवितीने सरकवावे आणि दर वेळी तोच तुकडा वाजवून घ्यावा.

जोडी तारांजवळ, एखाद्या फुटावर आणली की खर्ज फुगतो, कारण फितीचा हा स्वभावच आहे. जॅझमध्ये शेजारी ड्रम असताना मात्र फितीची बहिरी बाजू ड्रमकडे वळवून जवळ ठेवणे श्रेयस्कर.

दूर ठेवलेली फीत खोलीलाही ऐकते, आणि अनेकांचा हिशेब येथेच चुकतो. बसके छत फारसे त्रास देत नाही, कारण उभ्या मायक्रोफोनची फीत वर बहिरी असते. पण पाठीमागची नागडी भिंत दोन हातांवर असेल तर पियानो पत्र्याच्या डब्यात वाजल्यासारखा येतो. जाड गोधड्या टांगून थोडे साधते. मुंबई-पुण्याच्या रस्त्यालगतच्या खोलीत, पंखा आणि हॉर्न यांच्या संगतीत, दूरची रिबन जोडी वापरणे हा हट्टच म्हणावा लागेल. तेथे जवळ ठेवलेला कंडेन्सर अधिक उपयोगी पडेल. पैसा हाती असल्यास तो आधी ट्यूनरला, मग शांत सभागृहाच्या भाड्याला, मग प्रीअँपला आणि सरतेशेवटी मायक्रोफोनला द्यावा.

जपणूक सोन्याच्या दागिन्यासारखी हवी. आपल्याकडे मंचावर माईक तपासायचा तो फुंकर मारून. ती एक फुंकर फितीला ताणून निकामी करू शकते. पियानोचे झाकण धाडकन बंद केल्यानेही तेच होते. सदोष तारेवर फँटम पॉवर चालू राहिली तरी धोका असतो. मायक्रोफोन ठेवताना उभा, पिशवीत ठेवावा. उघड्यावर राहिल्यास त्यातील चुंबक लोखंडाचा कीस ओढून घेतो. सभागृहातून निघताना स्टँडच्या पायांभोवती जमिनीवर चिकटपट्टीच्या खुणा कराव्यात आणि उंची व अंतर वहीत लिहून घ्यावे, कारण दुसऱ्या दिवशी उरलेला अर्धा भाग मुद्रित करताना तेच स्थान लागते आणि भाड्याचे घड्याळ चालूच असते.