विश्लेषण : डोंगरावरचा हॅम रिपीटर स्वतःच्याच आवाजाने बहिरा का होतो?

वायनाडमध्ये ३० जुलै २०२४च्या पहाटे मुंडक्कै-चूरलमला परिसरावर दरड कोसळली. त्यानंतर कल्पेट्टा येथील जिल्हाधिकारी कार्यालयात हॅम रेडिओ केंद्र सुरू झाले. त्याला आधार होता पोन्मुडी कोट्टा डोंगरावरील रिपीटरचा. असे रिपीटर आपल्याकडेही हवेत, ही मागणी रास्तच. मात्र उंच जागा आणि यंत्र मिळाले की काम झाले, हा समज खरा नाही.

रिपीटर नेमके काय करतो?

दरीतल्या स्वयंसेवकाच्या पाच वॉटच्या हातसंचाचा क्षीण संदेश तो एका फ्रिक्वेन्सीवर ऐकतो आणि त्याच क्षणी दुसऱ्या फ्रिक्वेन्सीवर जोरात सोडतो. दोन मीटर बँडमध्ये या दोन फ्रिक्वेन्सींत फरक असतो सहसा अवघा ६०० किलोहर्ट्झचा. म्हणजे कानाशेजारीच भोंगा! प्रक्षेपकाचा गोंगाट ग्राहकात शिरला की दूरचा संदेश त्यात बुडतो. असा रिपीटर वरवर ठणठणीत वाटतो. त्याचा आवाज सगळीकडे पोहोचतो. ज्याला मदत हवी, त्याचेच त्याला ऐकू येत नाही.

अँटेना दूर ठेवून भागेल का?

साधारण ८५ ते ९० डेसिबल विलगता लागते. ९० डेसिबल म्हणजे प्रक्षेपित शक्तीचा शंभर कोटींतला एकच भाग ग्राहकापर्यंत जाणे. दोन उभ्या अँटेना एकाच पातळीवर ३० मीटर दूर ठेवल्या तर जेमतेम ४५ डेसिबल मिळतात. ९० गाठायला सुमारे पाच किलोमीटर अंतर हवे! त्याच अँटेना एका मनोऱ्यावर बरोबर वर-खाली, ३० मीटर अंतराने बसवल्या तर हाच आकडा ७५च्या आसपास जातो, कारण उभी अँटेना थेट डोक्यावर आणि पायाखाली फारच कमी लहरी सोडते. उभे अंतर दुप्पट केल्यास १२ डेसिबल वाढतात, आडवे केल्यास फक्त सहा. तरीही ९०साठी सत्तर मीटरहून अधिक उभे अंतर लागते. एवढा मनोरा हौशी मंडळींना कुठून परवडणार?

म्हणून उरलेली विलगता कॅव्हिटी फिल्टरमधून मिळवतात. ड्युप्लेक्सर म्हणजे अशाच धातूच्या नळकांड्यांचा संच. तो असला की एकच अँटेना पुरते. तो महाग असतो, थोडी शक्ती खातो आणि योग्य उपकरणांविना अंदाजाने जुळवला तर निरुपयोगी ठरतो. उद्‌घाटनाच्या दिवशी जवळून बोलून घेतलेल्या चाचणीत यातले काहीच कळत नाही. प्रक्षेपक बंद ठेवून ग्राहकाला एक दुबळा संदेश ऐकवावा, मग प्रक्षेपक चालू करावा. खरखर वाढली, तर रिपीटर अजून तयार नाही.