तेल जाळणारे इंजिन आणि कोरे दप्तर

वापरलेली मोटार विकत घेऊ पाहणारा गृहस्थ तिचा रंग उन्हात न्याहाळतो, टायरांची झीज चाचपतो, आरसी, विमा आणि पीयूसी यांवरील तारखा पडताळतो. आणि हे सारे सोपस्कार यथासांग पार पाडूनही, ज्या एका गोष्टीवर त्याचा पुढील काही वर्षांचा खर्च अवलंबून राहणार आहे, ती त्याला कोणत्याच कागदावर आढळत नाही. हे इंजिन हजार किलोमीटरांमागे किती ऑइल जाळते, ही ती गोष्ट. साध्या कुटुंबवत्सल गाडीच्या बाबतीत ही उणीव बहुधा निभावून जाते. परंतु जिच्या बॉनेटखाली आकाराच्या मानाने अवाजवी बळ भरलेले असते आणि जिला तिचे शौकीन कौतुकाने ‘हॉट हॅच’ म्हणतात, त्या गाडीच्या बाबतीत हीच उणीव लाख-दीड लाखांच्या इंजिनकामाचे निमंत्रण ठरू शकते. हा दोष खरेदीदाराच्या अज्ञानाच्या माथी मारून चालणार नाही. माहिती असते, ती कोणाच्या तरी दप्तरात पडूनही असते, पण ज्याला तिची गरज त्याच्या हाती ती येत नाही, अशी ही व्यवस्थेची गफलत आहे.

हा प्रश्न परदेशी हौशी मंडळींचा म्हणून झटकून टाकावा, तर या जातीच्या काही देशी गाड्यांची जन्मभूमी पुणे जिल्हा आहे, हे विसरता येत नाही. चाकणच्या कारखान्यातली फोक्सवॅगन पोलो जीटी टीएसआय २०१३ साली १.२ लिटरच्या टर्बो इंजिनातून १०५ अश्वशक्ती घेऊन आली. रांजणगावच्या अबार्थ पुंटोने २०१५ साली १.४ लिटरमधून १४५ अश्वशक्तीची मजल मारली, आणि तीही दहा लाखांच्या आत. यांपैकी आज एकही नवी मिळत नाही. पोलोचे भारतातले उत्पादनही २०२२ साली थांबले. म्हणजे ज्याला या गाड्यांची हौस पुरवायची आहे, त्याला दुसऱ्याने, आणि बहुधा दुसऱ्या हौशी तरुणाने, वापरलेल्या इंजिनावरच विसंबून राहणे प्राप्त आहे.

या जातीच्या इंजिनाचे सामर्थ्य आणि त्याची दुर्बलता एकाच मुळातून कशी उगवतात, याचे उद्बोधक उदाहरण मात्र युरोपातले आहे. १३९० घनसेंटिमीटरच्या एका इंजिनाला फोक्सवॅगनने सुपरचार्जर आणि टर्बो असे दोन्ही जोडले, आणि त्यातून निघालेली १८० अश्वशक्ती पोलो जीटीआय, स्कोडा फाबिया व्हीआरएस आणि सेआट इबिझा कुप्रा या तीन भावंडांना वाटून दिली. ज्या इंजिनकुळात ही रचना बसते, त्या कुळाला २००९ आणि २०१० या लागोपाठच्या वर्षी जगातील सर्वोत्कृष्ट इंजिनाचा आंतरराष्ट्रीय सन्मान लाभला. आणि याच १८० अश्वशक्तीच्या आवृत्तीविषयी, ते ऑइल पिते, हजार-दीड हजार किलोमीटरांवर डबा उघडावा लागतो, काहींचे तर पिस्टनच फुटले, अशी ओरड मालकवर्गातून होऊ लागली. कंपनीने इंजिनात सुधारणा केल्या, आणि २०१५च्या पोलो जीटीआयमध्ये ती रचना सोडून १.८ लिटरचे, एकट्या टर्बोचे इंजिन बसवले. त्या बदलाला इतरही कारणे असतील. तथापि गौरवपत्र आणि टिकाऊपणा ही दोन भिन्न प्रमाणे आहेत, एवढा बोध तरी यातून घ्यायला हरकत नाही.

इंजिनातले ऑइल नाहीसे होण्याच्या वाटा ठरावीक आहेत. पिस्टनच्या रिंगांपासून सुटून ते ज्वलनकक्षात जाते, व्हॉल्व्हच्या सीलमधून झिरपते, टर्बोच्या सीलमधून गळते किंवा इंजिनातील वाफ परत खेचून घेणाऱ्या नळीवाटे हवेबरोबर आत ओढले जाते. यांपैकी पहिली वाट आधुनिक लहान टर्बो इंजिनात अधिक रुंद होण्याचा संभव असतो. कारण घर्षण कमी करून इंधन वाचवावे या सद्हेतूने रिंगांचा ताण हलका केलेला असतो, ऑइल पातळ असते, आणि कक्षातला दाब व उष्णता मात्र साध्या इंजिनाहून पुष्कळ अधिक असते. सर्व्हिस लांबली की पिस्टनमधली ऑइल परत उतरवणारी बारीक छिद्रे काजळीने बुजतात, रिंगा खाचेत चिकटतात, आणि गॅरेजमधले मिस्त्री ज्याला ‘रिंगा गेल्या’ म्हणतात ती अवस्था प्राप्त होते. त्यातला खरा धोका ऑइलच्या किमतीहून मोठा आहे. कक्षात शिरलेला ऑइलचा थेंब कमी फेऱ्यांवर आणि भारी ओझ्याखाली ठिणगीपूर्वीच मिश्रण पेटवू शकतो, आणि त्या अवेळीच्या स्फोटाचा हादरा रिंगांमधल्या अरुंद कड्यावर बसून पिस्टन तडकतो.

अशा वेळी तक्रार घेऊन गेलेल्या ग्राहकाला सर्व्हिस सेंटरच्या काउंटरवर जे उत्तर मिळते ते सर्वांच्या परिचयाचे आहे : ‘सर, हे नॉर्मल आहे.’ हे उत्तर निखालस खोटे नसते, यातच त्याची खुबी आहे. स्कोडासारख्या कंपनीच्या पुस्तिकेत हजार किलोमीटरांमागे ०.५ लिटरपर्यंतचा ऑइलवापर संभवनीय म्हणून छापलेला आढळतो. आता याच दराने १५,००० किलोमीटरांच्या सर्व्हिस-अंतराचा हिशेब मांडला, तर साडेसात लिटर ऑइल जळते. आणि अशा इंजिनात एकूण ऑइल मावते चार लिटरांच्या आसपास! कमाल मर्यादा म्हणजे अपेक्षित वापर नव्हे, वादाचा निवाडा करण्यासाठी कोठेतरी रेघ ओढावीच लागते, हा कंपन्यांचा युक्तिवाद मला मान्य आहे. परंतु तीच रेघ जेव्हा प्रत्येक तक्रारीवरची ढाल होते, आणि नवे इंजिन सामान्यतः किती ऑइल घेते हा दुसरा, अधिक प्रामाणिक आकडा छापलाच जात नाही, तेव्हा २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्याने मालाच्या दर्जाविषयी माहिती मिळण्याचा जो हक्क दिला आहे, त्याची अक्षरे तेवढी पाळली जातात, असेच म्हणावे लागेल.

आणि हा केवळ मालकाच्या खिशाचा मामला नाही. ऑइलमध्ये मिसळलेले फॉस्फरससारखे घटक जळून धुराड्यातल्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरवर बसतात आणि त्याची शुद्धीकरणाची शक्ती हळूहळू मारतात. पीयूसीची तपासणी गाडी जागच्या जागी उभी करून होते; भार नसलेले इंजिन तिथे सभ्यपणे वागते, आणि निळा धूर सोडणाऱ्या गाडीलाही सरकारी दाखला बिनदिक्कत मिळू शकतो.

तेव्हा खरेदीदाराने स्वतःच थोडे पंचनाम्याचे काम करणे भाग आहे. गाडी आधी तापवून ठेवलेली नसावी, थंड इंजिन आपल्यासमोर सुरू करायला लावावे. डिपस्टिक पुसून पुन्हा बुडवून पाहावी. ऑइल नुकतेच बदललेले दिसले तर ते कोणत्या ग्रेडचे घातले हे बिलासह मागावे, कारण धूर झाकण्यासाठी जाड ऑइल भरून गाडी उभी करण्याची युक्ती बाजारात जुनी आहे. सायलेन्सरच्या तोंडाशी बोट फिरवून पाहावे. कोरडी काजळी लागली तर पेट्रोल थेट कक्षात फवारणाऱ्या इंजिनात त्याचे नवल नाही, पण बोट चिकट आणि ओलसर झाले तर सावध व्हावे. शक्य असेल त्याने सासवडहून येताना दिवे घाट दुसऱ्या गिअरमध्ये, ॲक्सिलरेटरवरून पाय काढून उतरावा आणि पायथ्याशी तो एकदम दाबून आरशात पाहावे : उतारावर निर्माण झालेल्या निर्वाताने आत ओढलेले ऑइल तेथे निळ्या झोताच्या रूपाने बाहेर पडते. यानंतर कॉम्प्रेशनची चाचणी आणि, ताकद वाढवण्यासाठी गाडी रिमॅप करून पुन्हा मूळ स्थितीत आणली होती काय, हा प्रश्न. हॉट हॅचच्या बाबतीत ‘सिंगल ओनर, डॉक्टरची गाडी’ या प्रशस्तीपेक्षा या एका प्रश्नाचे उत्तर अधिक मोलाचे असते.

परंतु प्रत्येक ग्राहकाने मिस्त्री व्हावे, ही अपेक्षा सुव्यवस्थित बाजाराला शोभणारी नाही. जमीन घेताना आपण सातबारा पाहतो आणि त्यावरचे फेरफार वाचतो; दर सर्व्हिसला किती ऑइल घातले, मध्ये किती टॉप-अप झाले, इंजिन कधी उघडले, याची चॅसिस क्रमांकावर नोंदलेली माहिती कंपन्यांच्या संगणकात आजही असताना, मोटारीला तसा उतारा का असू नये? आरटीओकडे २९ आणि ३० क्रमांकाच्या फॉर्मवर मालकी बदलली जाते, त्याच वेळी हा उतारा नव्या मालकाला माफक शुल्कात देणे कंपनीवर बंधनकारक करावे. हमी संपली की गाड्या बाहेरच्या गॅरेजात जातात आणि नोंद तुटते, हा आक्षेप खरा आहे. पण तुटलेली नोंदही बोलकी असते, आणि निदान पहिल्या काही वर्षांचा हिशेब तरी हाती येतो. अशाने जुन्या गाड्यांच्या किमती पडतील, ही दुसरी भीती. तर ज्यांच्या पडतील त्या पडायलाच हव्यात, आणि ज्याने वेळेवर ऑइल बदलून गाडी निगुतीने राखली त्याला चार पैसे अधिक मिळतील, हा न्यायच होईल.

चपळ गाडीची हौस करू नये, असा उपदेश मी करणार नाही. त्या आनंदाची किंमत आधी कळावी, इतकेच मागणे आहे. तो उतारा मिळेपर्यंत खरेदीदाराने एक नियम पाळावा. ज्या विक्रेत्याला हजार किलोमीटरांमागच्या ऑइलचा हिशेब देता येत नाही, त्याच्याकडून रिंगा बदलण्याच्या, म्हणजे ‘हाफ इंजिन’च्या, कामाचा खर्च किमतीतून वजा करून मागावा. आणि त्यालाही तो राजी नसेल, तर गाडी कितीही देखणी असली तरी ती त्याच्याच दारात शोभते, असे समजून पुढची गाडी पाहावी.