दाराचे हिट पॉइंट

'डंजन्स अँड ड्रॅगन्स' या खेळात मढी उठून चालतात, ड्रॅगन आग ओकतात, मांत्रिक बोटातून वीज सोडतो. माझी कशालाच हरकत नाही. गंमत सुरू होते ती साध्या लाकडी दारापाशी. दार बंद आहे, ते फोडायचंय. बस्स, एवढ्यावर नियमकर्त्यांच्या अंगात न्यूटन संचारतो.

2003 ची साडेतीनवी आवृत्ती उघडा. लाकडाचं काठिण्य 5, दगडाचं 8, लोखंडाचं 10 आणि अ‍ॅडमँटाइनचं 20. जो धातू विश्वात कुठेच नाही, त्याचंही काठिण्य यांनी मोजून ठेवलंय! फटक्यातून काठिण्य वजा करायचं, उरेल तेवढे वस्तूचे हिट पॉइंट, म्हणजे तग धरण्याचे गुण, कापायचे. मात्र अ‍ॅडमँटाइनचा खंजीर 20 च्या खालचं काठिण्य जुमानतच नाही. आता गणित करा. फूटभर जाड दगडी भिंतीचा दहा बाय दहा फुटांचा भाग म्हणजे 90 हिट पॉइंट. खंजिराचा फटका सरासरी अडीच, वेळ सहा सेकंद. छत्तीस फटके. चार मिनिटांच्या आत भिंत भुईसपाट, तीही एका बेताच्या ताकदीच्या इसमाकडून! मग वेढे, सुरुंग, तोफा हा सगळा खटाटोप कशासाठी?

बरं, खंजीर नको, खांदाच लावू. साधं दार फोडायला फाशाची बेरीज हवी 13. पहिलवान पुढे होतो, वीस बाजूंच्या फाशात चार मिळवतो आणि तरीही शंभरातल्या चाळीस वेळा तोंडावर आपटतो. मग काडीपैलवान मांत्रिक येतो, फाशातून एक वजा करतो आणि पस्तीस वेळा तेच दार उडवतो. पहिलवानाने तालमीत घालवलेली वर्षं कोण भरून देणार?

2014 च्या पाचव्या आवृत्तीत काठिण्य नाही; वस्तूचा आर्मर क्लास, म्हणजे घाव लागायला फाशावर हवा असलेला आकडा, ती कशाची बनलीय यावरून ठरतो. कापड, कागद, दोर यांना 11. चिलखत नसलेल्या सामान्य गावकऱ्याला 10. म्हणजे वाळत घातलेल्या धोतरावर घाव घालणं अवघड, ते नेसून उभ्या असलेल्या माणसावर सोपं! शास्त्रार्थ संपला.

त्यात एल्ड्रिच ब्लास्ट हा मंत्र. राक्षस लोळवतो, पण 2014 च्या शब्दांत त्याचं लक्ष्य फक्त सजीव. मडकं फुटणार नाही. चलाख खेळाडूंनी यातून काय शोधलं असेल? पेटीवर मंत्र रोखायचा. लागू पडला तर ती पेटी नव्हे, पेटीचं सोंग घेतलेला मिमिक! मडक्यांवरचं हे अभयछत्र काढायला 2024 उजाडावं लागलं.

कळस तर पुढेच आहे. वस्तूंना आर्मर क्लास देणारे 2014 चे तेच नियम म्हणतात की तारतम्य वापरा, तलवारीने दगडी भिंत कापता येत नाही, आधी तलवारच मोडेल. मान्य! पण भिंतीवर आपटून तलवार मोडण्याचा नियम कुठाय? नाही. दगडाचा आर्मर क्लास मात्र आहे, 17. शिवाय पुरेसा वेळ आणि योग्य हत्यारं असली की फुटण्याजोगी कुठलीही वस्तू फुटतेच, हेही तिथेच कबूल केलंय. जे होणारच आहे त्यासाठी फासे का खुळखुळवायचे?

खरं दुखणं वेगळंच आहे. खेळ चालवणाऱ्या डंजन मास्टरने रात्र जागून रचलेलं कथानक त्या दारामागे असतं आणि त्याची किल्ली तिसऱ्या खोलीत. कुणी कुऱ्हाड काढली की त्याच्या पोटात गोळा येतो. हे तक्ते दारासाठी नाहीतच, त्या गोळ्यासाठी आहेत. पदार्थविज्ञान हा नुसता बुरखा.

तेव्हा डंजन मास्टर मंडळी, दार फुटू द्या. फक्त दोन प्रश्न विचारा : वेळ किती लागला आणि आवाज कुणी ऐकला? पलीकडे जागे झालेले गॉब्लिन दाराच्या हिट पॉइंटांपेक्षा कितीतरी मजेदार असतात.