क्रमाने वाचण्याचा हट्ट

रहस्यकथांची मालिका कुठूनही वाचली तरी चालते, असे म्हणणाऱ्यांत साहित्याचे प्राध्यापक बरेच आढळतात. एरवी कादंबरी मधूनच उघडून वाचणारा विद्यार्थी त्यांना खपत नाही. तिथे रचना, कालभान, पात्रांची घडण हे सगळे आठवते. रहस्यकथेपाशी येताच मात्र ही परिभाषा गळून पडते आणि एकच प्रश्न उरतो : खून कोणी केला? तो प्रत्येक पुस्तकात सुटतो, सबब प्रत्येक पुस्तक स्वयंपूर्ण. वरकरणी हा युक्तिवाद बिनतोड आहे. माझ्या मते मात्र ते वाचनातल्या आळसाला दिलेले तात्त्विक नाव आहे.

काही मालिकांना तो लागू पडतो, हे आधीच मान्य करतो. अगाथा ख्रिस्तीचा प्वारो १९२० साली अवतरला तेव्हाच निवृत्त होता, आणि पुढे अर्धशतकभर तो जवळपास तसाच राहिला. ‘कर्टन’ शेवटी वाचावे, एवढे पथ्य तिथे पुरते. बाबुराव अर्नाळकरांचा झुंजार वाचनालयात जसा हाती लागेल तसा वाचला म्हणून कोणाचे काही बिघडले नाही. बिघडते ते या सवयीचा नियम केला म्हणजे.

माय शोवाल आणि पेर वालो या स्वीडिश जोडीची मार्टिन बेक मालिका घ्या. १९६५ ते १९७५ या काळात तिची दहा पुस्तके आली. प्रत्येकी तीस प्रकरणांचे दहा भाग, म्हणजे तीनशे प्रकरणांची एकच कादंबरी, अशी लेखकांची मूळ योजना होती. मालिकेला त्यांनी ‘एका गुन्ह्याची कादंबरी’ अशा अर्थाचे उपशीर्षक दिले. गुन्हा एकवचनी आहे, हे लक्षात घ्यावे. दहा पुस्तकांत खून पुष्कळ होतात. पण लेखकांच्या लेखी खरा गुन्हा एकच, आणि तो म्हणजे कल्याणकारी म्हणवणाऱ्या राज्यसंस्थेने श्रमिकांशी केलेली प्रतारणा. हा गुन्हा कुठल्याही एका पुस्तकात उलगडत नाही. तो पाहायचा तर दहा वर्षे चालावे लागते.

अभ्यासासाठी एकच पुस्तक निवडायचे झाले की बोट बहुधा चौथ्यावर, १९६८ च्या ‘द लाफिंग पोलिसमन’वर पडते. स्टॉकहोममधल्या एका बसमध्ये गोळीबार होतो, नऊजण मरतात. त्यांत स्टेनस्ट्रम हा तरुण पोलीस अधिकारी असतो. सुटे पुस्तक वाचणाऱ्याला तो नऊ बळींपैकी एक. क्रमाने आलेल्या वाचकाला तो आधी भेटलेला असतो, पण त्याने त्याच्याकडे फारसे लक्ष दिलेले नसते. त्याच्या सहकाऱ्यांनीही दिलेले नसते. हा मुलगा फावल्या वेळात काय करत होता, हे त्यांना तो मेल्यावर शोधावे लागते. त्यांच्या अपराधी भावनेत क्रमाने वाचणारा भागीदार होतो. सुट्या वाचकाच्या वाट्याला फक्त कोडे येते.

याहून मोठा पुरावा नवव्या पुस्तकात, १९७४ च्या ‘कॉप किलर’मध्ये आहे. पहिल्या पुस्तकातला खुनी (नाव सांगत नाही) शिक्षा भोगून बाहेर आला आहे, एक बाई बेपत्ता झाली आहे, आणि तो तिचा शेजारी आहे. पहिले पुस्तक वाचलेल्याला पोलिसांइतकीच खात्री वाटू लागते की हे याचेच काम. इथे तपासला जातो तो वाचकाचा पूर्वग्रह. हे पुस्तक आधी वाचणाऱ्याला पूर्वग्रह बाळगायला जागाच नाही. शिवाय पहिल्या पुस्तकाचे रहस्य फुकट गेले ते वेगळेच. याच पुस्तकाच्या अखेरीस कोलबर्ग पोलिसाची नोकरी सोडतो. आठ पुस्तके त्याच्याबरोबर काढलेल्याला हा राजीनामा म्हणजे एका संस्थेवरचा निवाडा वाटतो. नवख्याला तो नुसता राजीनामा.

‘एका सत्रात दहा पुस्तके कशी शिकवणार?’ अडचण खरी आहे. पण तिच्यावर ‘कोणतेही एक घ्या’ हा उपाय नव्हे. पहिले आणि नववे अशी जोडी लावा. तेही जमणार नसेल तर पहिले शिकवा आणि ही सुरुवात आहे, हे वर्गात स्पष्ट सांगा. महाकादंबरीचे एक प्रकरण नेमताना ते प्रकरण असल्याचे आपण सांगतोच ना?

वालो १९७५ च्या जूनमध्ये वारले, आणि त्याच वर्षी आलेल्या दहाव्या पुस्तकावर मालिका संपली. त्याचा अखेरचा शब्द आहे ‘मार्क्स’. दिवाणखान्यातल्या एका शब्दखेळात कोलबर्ग तो सहज उच्चारतो. शेवटचे पान तेवढे उलटून पाहणाऱ्याला ती गंमत किंवा फार तर घोषणा वाटेल. दहा वर्षे चालून तिथे पोचलेल्याला कळते की खून कोणी केला, या प्रश्नाचे लेखकांनी राखून ठेवलेले उत्तर कोणत्या दिशेला आहे. ते पटणे न पटणे हा पुढचा भाग. पण ते नाकारण्याचा अधिकारही तीनशे प्रकरणे ओळीने वाचणाऱ्यालाच आहे.