शिशाची खरी किंमत

विद्युत्‌घटात ऊर्जा नव्याने निर्माण होत नाही; रासायनिक ऊर्जा विजेचे रूप घेते, इतकेच. शाळेतला हा धडा अर्थव्यवहारालाही लागू पडतो. तेथे खर्च नाहीसा होत नाही. तो दुसऱ्याच्या माथी जातो.

१८५९ मध्ये फ्रान्समधील गास्तों प्लांते यांनी शिसे व गंधकाम्ल यांचा घट सिद्ध केला. वीज घेताना त्याच्या दोन्ही पट्ट्यांवर शिशाचे सल्फेट साचते. उलट दिशेने वीज सोडली की द्रव्ये पूर्वपदावर येतात. असे सहा घट जोडून मोटारीची १२ व्होल्टची बॅटरी होते. इन्व्हर्टर आणि अनेक ई-रिक्षाही याच घटावर चालतात. बॅटरी निकामी झाली तरी तिच्यातले शिसे संपत नाही. ते वितळवून पुन्हा वापरता येते, म्हणूनच तिला भंगारात भाव आहे.

प्रश्न उद्भवतो तो येथेच. शिसे सुमारे ३२७ अंश सेल्सिअसला वितळते. पत्र्याच्या आडोशाची भट्टीही त्याला पुरते. परवानाधारक कारखान्याला धूर गाळणारी यंत्रणा व कामगारांचे संरक्षण यांवर खर्च करावा लागतो. चोरट्या भट्टीवाला आम्ल मातीत ओततो, धूर वस्तीवर सोडतो आणि वाचलेल्या पैशातून भंगारवाल्याला चढा भाव देतो. माल साहजिकच तिकडे वळतो. तो वाचलेला खर्च फेडतात भट्टीवरचा मजूर आणि शेजारच्या झोपडीतले मूल. युनिसेफ व प्युअर अर्थ यांच्या २०२० च्या अहवालानुसार जगातील सुमारे ८० कोटी मुलांच्या रक्तात दर डेसिलिटरला ५ मायक्रोग्रॅम वा त्याहून अधिक शिसे आहे. बॅटऱ्यांचे असे बेफिकीर विघटन हे त्याचे एक प्रमुख कारण होय. शिसे बालकाच्या मेंदूची वाढ खुंटवते, आणि ही हानी सहसा भरून निघत नाही.

कायदा नाही असे नव्हे. २००१ च्या नियमांनी जुन्या बॅटऱ्या परत घेण्याचे बंधन घातले. २०२२ च्या नियमांनी उत्पादकांवर विस्तारित जबाबदारी टाकली. परंतु भावातली तफावत कायम असेतो नियम कागदावरच राहणार. यास्तव बॅटरी विकतानाच पुरेशी अनामत रक्कम घ्यावी आणि ती अधिकृत केंद्रावरच परत मिळावी. तिचा भार उत्पादकाने उचलावा.

भट्ट्यांवर नुसते छापे घालून मात्र भागणार नाही. तेथे राबणारा मजूरही आपलाच आहे. त्याची व वस्तीतील मुलांची रक्ततपासणी सरकारी खर्चाने व्हावी आणि त्याला सुरक्षित कारखान्यात काम मिळावे. पुण्यात १९९३ मध्ये कागद काच पत्रा कष्टकरी पंचायतीने कचरावेचकांना संघटित करून दाखविले. बॅटरी फोडणाऱ्या हातांनाही संघटनेची तितकीच गरज आहे. आपल्या शाखांनी आपापल्या गावातील जुन्या बॅटऱ्या कोठे जातात याचा शोध घेण्यापासून प्रारंभ करावा.