दोन ट्रॉल्या, एकच ब्रेक

गाळप हंगाम सुरू झाला की निलंगा तालुक्यातल्या रस्त्यांचे वेळापत्रकच बदलते. अंबुलग्याकडे, औराद शहाजानीकडे, कासार सिरसीकडे जाणाऱ्या वाटांवर दिवस मावळताच उसाने शिगोशीग भरलेल्या ट्रॉल्या दिसू लागतात. एका हेडला दोन ट्रॉल्या, दोन्हींच्या बाहेर लोंबणारे वाढे आणि ट्रॅक्टरवर मोठ्याने वाजणारी गाणी. हे दृश्य इतके अंगवळणी पडले आहे की त्यात काही धोकादायक आहे, असे कोणाला वाटत नाही. अपघात झाला की 'चालकाचा ताबा सुटला' एवढे लिहून विषय संपतो. पण जो ताबा मुळात कधी हातात नव्हता, तो सुटला कसा म्हणायचा?

ओढण्याची ताकद आणि थांबवण्याची ताकद या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. साध्या हिशेबाने पाहू. ट्रॅक्टर सव्वादोन टनांचा, दोन रिकाम्या ट्रॉल्या मिळून चार टनांच्या आणि त्यांत १६ टन ऊस धरला, तर रस्त्यावरून चाललेला एकूण भार २२ टनांच्या आसपास जातो. सपाट डांबरी रस्त्यावर तो ताशी २० किलोमीटरने ओढायला ३० ते ३५ अश्वशक्ती पुरते. त्यामुळे ४५-५० अश्वशक्तीचे इंजिन तो भार सहज नेते आणि मालकाची समजूत होते की ट्रॅक्टरला हे 'झेपते'.

थांबवताना इंजिनाची अश्वशक्ती फारशी कामी येत नाही. तिथे दोनच गोष्टी मोजल्या जातात, किती चाकांना ब्रेक आहे आणि त्या चाकांवर किती वजन आहे. आपल्याकडच्या बहुतेक ट्रॅक्टरांना ब्रेक फक्त मागच्या दोन चाकांना असतो. शेतातून कारखान्याकडे जाणाऱ्या ट्रॉल्यांना बहुधा नसतोच, किंवा असला तरी जोडलेला नसतो. ट्रॉलीच्या दांडीचा भार धरून मागच्या चाकांवर तीन टन येतात असे मानले, तरी त्या तीन टनांच्या पकडीवर २२ टन थांबवायचे असतात. ताशी २५ किलोमीटर वेगाला नुसता ट्रॅक्टर ब्रेक लावल्यावर सहा-सात मीटरमध्ये थांबतो. दोन भरलेल्या ट्रॉल्यांसह त्याला सुमारे २५ मीटर लागतात, शिवाय चालकाचा पाय ब्रेकवर जाईपर्यंत दहा मीटर आधीच संपलेले असतात. वेग ४० केला तर नुसते ब्रेकचे अंतर ६० मीटरच्या पुढे जाते, कारण गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते.

हे झाले सपाट रस्त्याचे. मांजरा आणि तेरणेच्या खोऱ्यात रस्ता पुलाकडे उतरतो आणि पुन्हा चढतो. शंभर मीटरला पाच मीटर असा साधा उतार असला तरी वरचे २५ मीटर ५० वर जातात. उतार दुप्पट झाला तर या हिशेबात गाडी थांबतच नाही. अशा वेळी डिझेल वाचवण्यासाठी गाडी न्यूट्रल करणारा चालक इंजिनाचा उरलासुरला रोधही घालवून बसतो. मागची चाके घट्ट रुतली की ट्रॉल्या हेडला पुढे ढकलतात, हेड आडवे वळते आणि ट्रॉली त्याच्यावर चढते. चालक कितीही तरबेज असला तरी त्या क्षणी स्टिअरिंगला काही अर्थ उरत नाही.

चढावर नेमके उलटे होते. एका आसाच्या ट्रॉलीत ऊस मागे जास्त आणि पुढे कमी भरला, तर तिची दांडी ट्रॅक्टरचा मागचा भाग वर उचलू पाहते आणि चाकांची पकड जाते. दांडीवर फार भार आला किंवा हूक ठरल्या जागेपेक्षा उंचावर जोडला, तर पुढची चाके हलकी होतात आणि चढावर ट्रॅक्टर मागे उलटू शकतो. ट्रॅक्टरच्या नाकावर लोखंडी वजने लावतात ती शोभेसाठी नव्हे. तरी कित्येक ट्रॅक्टरांवर ती दिसत नाहीत आणि त्या जागी देवाचे नाव असलेली पाटी असते.

परदेशात सुट्टीसाठी पिकअप गाडीमागे राहण्याची छोटी खोली ओढत नेणारी कुटुंबे असतात. तिचे वजन दीड-दोन टन, आत गाद्या आणि स्वयंपाकाचा ओटा. युरोपात ७५० किलोपेक्षा जड असलेल्या अशा ट्रेलरला स्वतःचे ब्रेक असावेच लागतात. अमेरिकेतल्या अनेक राज्यांत ही मर्यादा सुमारे १३६० किलो आहे. त्यातली एक सोय तर फार साधी आहे. ओढणारी गाडी मंदावली की ट्रेलर तिला ढकलतो आणि त्याच ढकलण्याने ट्रेलरचे ब्रेक लागतात. म्हणजे मौजेच्या सहलीच्या दीड टनाला ब्रेक सक्तीचा आणि पोटापाण्याच्या वीस टनांना तो बहुधा नसतोच. उसाची ट्रॉली इथल्याच वर्कशॉपमध्ये वेल्डिंग करून तयार होते. जो कारागीर आस आणि पाटे बसवतो, त्याला ब्रेक बसवणे अवघड नाही. कोणी मागत नाही, म्हणून तो बसवत नाही.

रात्रीचा धोका वेगळा आहे. पंक्चर झालेली ट्रॉली अंधारात रस्त्यावर उभी आहे आणि मागून ताशी ६० किलोमीटरने मोटारसायकल येते आहे. डिपरच्या उजेडात चाळीसेक मीटरवरचे दिसते. पाहून ब्रेक दाबेपर्यंत २५ मीटर जातात आणि पुढे थांबायला किमान २३-२४ मीटर लागतात. बेरीज चाळीसच्या पुढे जाते. लाल रिफ्लेक्टर आलेला प्रकाश थेट उगमाकडे परत पाठवतो, म्हणून तो दोन-अडीचशे मीटरवरूनही चमकतो. मात्र तो चिखलाने माखलेला असला किंवा त्यावर वाढे लोंबत असले तर त्याचा उपयोग शून्य. दर हंगामात पोलीस आणि परिवहन खाते रिफ्लेक्टर लावण्याची मोहीम घेते, फोटो येतात. मोहीम चांगलीच आहे. पण रिफ्लेक्टर मागच्याला वाचवतो, पुढच्याला नाही, आणि रोज फडक्याने पुसला तरच वाचवतो.

आता चालकाविषयी. फडातून निघालेली खेप कारखान्यावर पोहोचली की रिकामी होतेच असे नाही. नंबर लागेपर्यंत वाहनतळावर तासन् तास जातात, कधी पूर्ण रात्र. सकाळी वजनकाट्यावरून सुटलेला चालक तसाच पुढच्या फडाकडे निघतो. सलग १७ तास जागे असलेल्या माणसाची प्रतिक्रिया रक्तात ०.०५ टक्के मद्य असलेल्या माणसाइतकी मंदावते, हे प्रयोगांतून दिसले आहे. आपल्या कायद्यातली मद्याची मर्यादा ०.०३ टक्के आहे. थेंबभरही न घेतलेला हा चालक त्या मर्यादेच्या पलीकडे असतो आणि त्याला पकडणारे यंत्र कोणाकडे नाही. झोप उडवण्यासाठी गाणी मोठ्याने लावतात. त्यामुळे झोप फार काळ टळत नाही, मागच्या गाडीचा हॉर्न मात्र ऐकू येत नाही. शिवाय ट्रॅक्टरच्या सीटची संथ, खोल हादरणी पाठीच्या कण्याच्या स्वाभाविक कंपनाशी जुळते. तिशीतल्या चालकांच्या कंबरदुखीचे मूळ बरेचदा तिथे असते.

'जास्त ऊस भरतात, कारण हाव आहे' असे म्हणणे सोपे आहे. वाहतुकीचे पैसे टनावर आणि अंतरावर मिळतात, ट्रॅक्टरचा हप्ता महिन्यावर आणि डिझेल रोजचे. खेपेमागे दोन टन कमी नेले तर तोटा त्याचाच. म्हणून सगळा दोष चालकावर टाकणारी मांडणी अन्यायाची आहे. जादा भाराला मोटार वाहन कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीने २० हजार रुपये आणि वरच्या प्रत्येक टनाला दोन हजार रुपये दंड ठेवला आहे. रस्त्यावर तो मोजायला काटा लागतो. कारखान्याच्या दारात तो काटा आधीच आहे. प्रत्येक ट्रॉलीचे वजन तिथे किलोपर्यंत लिहिले जाते, त्यावरच पैसे निघतात. जादा भाराचा इतका नेमका पुरावा दुसरीकडे कुठे रोज तयार होत नसेल, आणि तो इतका निरुपयोगीही कुठे राहत नसेल. ठरलेल्या मर्यादेपुढच्या वजनाची वाहतूक द्यायची नाही, त्या बदल्यात टनाचा दर वाढवायचा, आणि ब्रेक नसलेल्या दुसऱ्या ट्रॉलीशी हंगामाचा करारच करायचा नाही, हे कारखान्यांना जमण्यासारखे आहे. खर्च येईल. आज तो खर्च निलंग्याच्या उपजिल्हा रुग्णालयात आणि तिथून सुमारे ५० किलोमीटरवरच्या लातूरच्या शासकीय रुग्णालयात जखमींच्या घरचे भरतात.

तोवर मालकाने घरच्या घरी करण्याजोगे बरेच आहे. हूकची पिन झिजून बारीक झाली असेल तर ती बदलावी, तिला क्लिप लावावी आणि दांडीला सोबत जाड साखळी असावी. तारेने बांधलेली पिन ही पिन नव्हे. चाकांच्या बेअरिंगला हंगामाआधी ग्रीस, पाटे तुटलेले नाहीत ना याची नजर आणि दोन्ही बाजूंच्या टायरांत सारखी हवा. हवा कमी असली की टायर तापतो आणि भर रस्त्यात फुटतो, आणि वर सांगितलेली अंधारातली उभी ट्रॉली अशीच तयार होते. ती उभी राहिलीच, तर मागे ५०-६० पावलांवर काहीतरी चमकणारे ठेवावे. दगड ठेवू नयेत, आणि ठेवलेच तर निघताना उचलावेत.

आणखी एक बारीक गोष्ट. ट्रॅक्टरला डावा आणि उजवा असे ब्रेकचे दोन पेडल असतात, शेतात जागच्या जागी वळण्यासाठी. रस्त्यावर येताना ते मधल्या पट्टीने एकमेकांना जोडायचे असतात. न जोडता एकच पेडल दाबले गेले, तर एकाच चाकाला ब्रेक लागतो आणि भरल्या ट्रॉल्यांसह ट्रॅक्टर त्या बाजूला फेकला जातो. ही पट्टी कंपनीकडूनच बसवून येते. फड सोडून डांबरीला लागण्याआधी ती अडकवायला दोन सेकंद पुरतात.