मोबाइलवरील अभिप्राय आणि शेतकऱ्याची पारख

नवे बी, नवे औषध किंवा नवे अवजार घेण्यापूर्वी चार जणांना विचारावे, ही शेतकऱ्याची फार जुनी व शहाणपणाची रीत आहे. पूर्वी ही विचारपूस बांधावर, चावडीवर किंवा आठवड्याच्या बाजारात होत असे. आज ती पुष्कळ अंशी मोबाइलवर होऊ लागली आहे. करवीर, कागल वा शिरोळ तालुक्यातील तरुण शेतकरी फवारणीचा पंप किंवा भाजीपाल्याचे बियाणे घेण्यापूर्वी विक्रीच्या संकेतस्थळावर त्या वस्तूस किती तारे मिळाले आहेत ते पाहतो, खालचे चार-दोन अभिप्राय वाचतो आणि मागणी नोंदवितो. नोव्हेंबर २०२२ मध्ये नियमांत दुरुस्ती होऊन परवानाधारक विक्रेत्यांना कीटकनाशकेही अशा संकेतस्थळांवरून विकण्याची मुभा मिळाली. त्यामुळे हा प्रश्न आता केवळ शहरी गिऱ्हाइकाचा राहिलेला नाही. ज्याच्या भरवशावर शेतकरी आपल्या हंगामाचे भांडवल घालतो, त्या अभिप्रायावर विश्वास किती ठेवावा, याचा विचार गावोगाव होणे अगत्याचे झाले आहे.

अभिप्राय ही एक प्रकारची साक्ष होय, आणि साक्षीचे मोल साक्षीदारावरून ठरते. बांधापलीकडचा शेजारी एखाद्या वाणाविषयी सांगतो, तेव्हा त्याचे नाव, त्याची जमीन व त्याचे पाणी ऐकणाऱ्यास ठाऊक असते. पीक डोळ्यांपुढे उभे असते. शेजारी खोटे बोलला, तर उद्या त्याच पाणंदीने त्याला जावयाचे असते. कोल्हापूरच्या गुळाच्या सौद्यातही हेच तत्त्व आहे. राजर्षी शाहू महाराजांनी १८९५ साली शाहूपुरी वसविली आणि तेथे गुळाची पेठ नावारूपास आली. सौद्यात व्यापारी रव्याचा रंग, कणी, कठीणपणा व चव पाहून बोली बोलतो, आणि बोललेल्या भावाने माल उचलणे त्याला भाग असते. म्हणजे त्याच्या मतामागे त्याचे स्वतःचे पैसे उभे असतात. मत चुकले तर तोटा त्याचाच होतो.

मोबाइलवरील ताऱ्यामागे यांपैकी काहीच असेल याची खात्री नसते. लिहिणारा कोण, कोठला, त्याने ती वस्तू वापरली की नाही, हे वाचणाऱ्यास कळत नाही. तारे देण्यास खर्च येत नाही व चुकीचे तारे दिल्याबद्दल कोणी जाब विचारीत नाही. याचा पराकोटीचा दाखला लंडन शहरात २०१७ साली घडला. उबा बटलर या लेखकाने पूर्वी पैसे घेऊन उपाहारगृहांचे खोटे अभिप्राय लिहिले होते. त्याने आपल्या परसातील एका खोपटाची उपाहारगृह म्हणून प्रवाशांच्या एका प्रसिद्ध संकेतस्थळावर नोंद केली. दाढीच्या साबणाचा फेस वगैरे वस्तू मांडून पदार्थांची छायाचित्रे काढली आणि ओळखीच्या लोकांकडून स्तुतीचे अभिप्राय लिहवून घेतले. त्या खोपटात एकाही गिऱ्हाइकाला जेवण वाढले गेले नव्हते. तरी त्या वर्षीच्या नोव्हेंबरात संकेतस्थळाच्या यादीत ते लंडनमधील पहिल्या क्रमांकाचे उपाहारगृह ठरले. न शिजलेल्या अन्नाची एवढी वाखाणणी होऊ शकते, तर न उगवणाऱ्या बियाण्याची का होऊ नये, हा प्रश्न शेतकऱ्याने स्वतःस विचारावा.

खोटे अभिप्राय लिहिले जाण्याची कारणे उघड आहेत. ताऱ्यांवर विक्री अवलंबून असते, म्हणून काही विक्रेते स्वतःच ग्राहकाचे सोंग घेतात, काही मोबदला देऊन स्तुती लिहवून घेतात, तर काही ‘पाच तारे द्या व पैसे परत मिळवा’ अशी चिठ्ठी पाकिटात घालतात. प्रतिस्पर्ध्याच्या मालाची निंदा करण्यासाठीही हाच मार्ग वापरता येतो. शासनाने या गोष्टीची दखल घेतलेली आहे. ग्राहक संरक्षण अधिनियम २०१९ अन्वये जुलै २०२० मध्ये ई-वाणिज्य नियम लागू झाले. विक्रेत्याने ग्राहक असल्याचे भासवून अभिप्राय लिहू नये, असा त्यात स्पष्ट निर्बंध आहे. नोव्हेंबर २०२२ मध्ये भारतीय मानक ब्यूरोने अभिप्रायांविषयी आयएस १९००० हे मानक प्रसिद्ध केले. लिहिणाऱ्याची ओळख पडताळावी, विकत घेतलेले अभिप्राय छापू नयेत, प्रतिकूल अभिप्राय दडपू नयेत, अशी त्याची शिकवण आहे. मात्र हे मानक आले ते ऐच्छिक स्वरूपात. अमेरिकेनेही ऑक्टोबर २०२४ पासून खोट्या अभिप्रायांच्या खरेदी-विक्रीस बंदी घातली आहे. हे सर्व उपाय स्वागतार्ह होत. परंतु कायद्याचा हात गुन्हा घडल्यावर पोहोचतो, आणि पेरणीचा वाफसा त्याची वाट पाहत थांबत नाही.

येथवर खोट्या अभिप्रायांचा विचार झाला. शेतकऱ्याच्या बाबतीत खरा पेच याच्याही पुढचा आहे. अगदी प्रामाणिक माणसाने लिहिलेला अभिप्रायही त्याला फसवू शकतो. शितावरून भाताची परीक्षा होते हे खरे, पण शीत त्याच भांड्यातले असले पाहिजे. कोल्हापूर जिल्ह्यापुरते पाहिले तरी गगनबावड्यास वर्षाकाठी ५००० मिलिमीटरांच्या पुढे पाऊस पडतो, तर शिरोळास त्याच्या सुमारे दहावा भाग. पश्चिमेकडे डोंगरउताराची तांबडी जमीन, तर पूर्वेकडे नदीकाठची काळी व काही ठिकाणी क्षारपड झालेली जमीन. पाडेगावच्या संशोधन केंद्राने दिलेला फुले २६५ हा ऊस क्षारपड जमिनीत तग धरतो. को ९२००५ हा गुळासाठी चांगला मानला जातो. एकाच जिल्ह्यात जमीन व हेतू पाहून वाण बदलावा लागतो, तर दूरच्या राज्यातील अनोळखी माणसाने ‘उत्तम वाण’ एवढेच लिहिले असता त्यातून काय बोध घ्यावा ?

दुसरी अडचण वेळेची आहे. बियाण्याचे पाकीट घरी पोहोचले, वेष्टन नीट होते, म्हणून त्याच दिवशी पाच तारे दिले जातात. तो अभिप्राय टपालाचा झाला, बियाण्याचा नव्हे. बियाण्याविषयी बोलावयाचे तर उगवण, फुलोरा व काढणी होईपर्यंत थांबावे लागते, आणि तोवर अभिप्राय लिहिण्याची आठवण फारच थोड्यांना राहते. तिसरी अडचण तुलनेची. एखादे वाढवर्धक फवारल्यानंतर आठ दिवसांनी पीक हिरवेगार झाले, तर श्रेय औषधाचे, की मधे पडलेल्या पावसाचे, की आधी दिलेल्या युरियाचे ? संशोधन केंद्रात याचसाठी शेजारी न फवारलेला वाफा ठेवतात, एकच प्रयोग अनेक वाफ्यांत करतात आणि एकाहून अधिक हंगामांत व ठिकाणी तो पुन्हा करून पाहतात. मोबाइलवरील अभिप्रायात न फवारलेला वाफा नसतो.

वस्तूचे गुण तीन प्रकारचे असतात, हे ध्यानात ठेवल्यास बराच गोंधळ टळेल. काही गुण घेतानाच दिसतात. जसे वजन, आकार, रंग. काही वापरल्यावर कळतात. जसे पंपाचा दाब, नळीचा टिकाऊपणा, अवजाराची धार. आणि काही गुण वापरूनही कळत नाहीत. ते प्रयोगशाळेतच कळतात. अभिप्रायाचा खरा उपयोग दुसऱ्या प्रकारापुरता आहे. पंपाची मोटर दोन महिन्यांत जळते अशी तक्रार निरनिराळ्या भागांतील अनेक लोक करीत असतील, तर ती ऐकावी. परंतु खतातील अन्नद्रव्याचे प्रमाण, औषधातील क्रियाशील घटक किंवा बियाण्याची आनुवंशिक शुद्धता यांविषयी हजार तारेही मुके आहेत.

या तिसऱ्या प्रकाराचे उत्तम उदाहरण कोल्हापूरच्या गुऱ्हाळातच सापडते. शहरातील गिऱ्हाईक पिवळाधमक गूळ पाहून खूष होते व तारे देते. तो रंग उसाच्या चांगल्या जातीमुळे, भेंडीच्या चिकाने केलेल्या मळीच्या सफाईमुळे व कुशल गुळव्याच्या हातामुळे आला, की काहिलीत टाकलेल्या हायड्रोसमुळे, हे जिभेला वा डोळ्याला कळत नाही. गंधकाचा अंश प्रयोगशाळाच दाखविते. अशा वेळी रंगावर दिलेले तारे प्रामाणिक गुळव्याला शिक्षा करतात व रसायन वापरणाऱ्यास बक्षीस देतात. रंगाला भाव देण्याची खोड पेठेतही होतीच. मोबाइलने ती घरोघर पोहोचविली एवढेच.

शेतकरी या व्यवहारात केवळ ग्राहक नाही, तो विक्रेताही होऊ लागला आहे. एक किलोचे खोके करून गूळ, काकवी, हळद थेट मुंबई-पुण्याच्या गिऱ्हाइकाला धाडणारे तरुण व महिला बचत गट आज जिल्ह्यात आहेत. त्यांच्यापुढे मोह उभा राहतो तो असा : सुरुवातीला तारे नाहीत म्हणून विक्री नाही, मग मामा, मेहुणे व मित्र यांच्याकडून पंचवीस अभिप्राय लिहवून घेतले तर काय बिघडले ? बिघडते ते हे की, असे करणारा नियम मोडतोच, शिवाय साऱ्या जिल्ह्याचे नाव पणाला लावतो. कोल्हापुरी गुळास २०१४ साली भौगोलिक मानांकन मिळाले. ते नाव कोणा एकाचे नाही. पिढ्यान्‌पिढ्यांच्या गुळव्यांनी ते मिळविले आहे. साखर मिसळलेल्या किंवा परमुलखातून आणलेल्या गुळावर ‘कोल्हापुरी’ असे लिहून खोट्या ताऱ्यांनी तो विकला गेला, की फसलेले गिऱ्हाईक त्या एका विक्रेत्याला दोष देत नाही, कोल्हापूरच्या गुळाला देते. तक्रारीचा अभिप्राय आल्यास तो पुसण्याची खटपट न करता, नम्रपणे उत्तर द्यावे व चूक असल्यास माल बदलून द्यावा. असे उत्तर वाचणाऱ्या नव्या गिऱ्हाइकाचा विश्वास त्याने वाढतो.

मग खरेदी करताना शेतकऱ्याने काय करावे ? अभिप्राय जरूर वाचावेत, पण वाचण्याची रीत असावी. सरासरी ताऱ्यांपेक्षा दोन-तीन तारे देणाऱ्यांचा मजकूर आधी वाचावा. गुण व दोष दोन्ही सांगणारा माणूस बहुधा वस्तू वापरलेला असतो. एकाच दोन दिवसांत आलेले, एकाच धाटणीचे, नुसती स्तुती करणारे अभिप्राय सोडून द्यावेत. पीक, जमीन, महिना व प्रमाण यांचा उल्लेख नसलेला अभिप्राय शेतीच्या कामाचा नाही असे समजावे.

त्यानंतर ताऱ्यांवरून नजर काढून वेष्टनावर आणावी. बियाण्याच्या पिशवीस प्रमाणित असल्यास निळा व सत्यप्रत असल्यास हिरवा टॅग असतो. त्यावरील उगवणशक्ती, गट क्रमांक व मुदत पाहावी. कीटकनाशकाच्या वेष्टनावर नोंदणी क्रमांक आहे काय व आपल्या पिकाचे नाव आहे काय, हे वाचावे. जैव उत्तेजकांचा समावेश २०२१ साली खत नियंत्रण आदेशात झालेला आहे. तेव्हा ‘टॉनिक’ या मोघम नावावर समाधान मानू नये. सोयाबीनचे बियाणे कितीही नावाजलेले असो, १०० दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून पाहावेत. ७० किंवा अधिक दाणे चांगले उगवले तरच पेरणीस घ्यावे. नवे औषध किंवा वाढवर्धक सबंध रानावर न फवारता दोन-चार सरींवर फवारावे, शेजारच्या तितक्याच सरी कोऱ्या ठेवाव्यात व फरक स्वतः मोजावा. हा स्वतःच्या रानाने दिलेला अभिप्राय होय.

पक्की पावती मागून घ्यावी. पावती, टॅग, रिकामी पिशवी व मूठभर बियाणे पीक निघेपर्यंत जपून ठेवावे. बियाणे घेणारा शेतकरी हा ग्राहक आहे व सदोष बियाण्याबद्दल तो ग्राहक न्यायालयात दाद मागू शकतो, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने २०१२ साली दिलेला आहे. त्या दाराशी पावती उपयोगी पडते, तारे पडत नाहीत. उगवण न झाल्यास विलंब न लावता तालुका कृषी अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार करावी. फसव्या विक्रीबाबत १९१५ या राष्ट्रीय ग्राहक साहाय्य क्रमांकावरही तक्रार नोंदविता येते.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांवर या बाबतीत विशेष जबाबदारी येते. शेतकरी मोबाइलकडे वळतो, कारण त्याला हव्या त्या वेळी गावात विश्वासू माहिती मिळत नाही, ही गोष्ट मोकळेपणी मान्य केली पाहिजे. त्यावर उपाय गावाच्या हातात आहे. प्रत्येक गावात एक साधी वही ठेवावी. कोणी कोणता वाण लावला, जमीन कोणती, पाणी किती, लागण केव्हा, खर्च किती व उत्पन्न किती, हे शेतकऱ्याच्या संमतीने व नावानिशी त्यात लिहावे. फसलेले प्रयोगही तितक्याच प्रामाणिकपणे नोंदवावेत. किंबहुना तेच अधिक मोलाचे असतात. हंगाम संपल्यावर ही वही ग्रामसभेत वाचावी. जेथे लिहिणारा समोर बसलेला आहे, त्याचे रान सर्वांनी पाहिलेले आहे व शंका असल्यास त्याला तेथेच विचारता येते, तेथे अभिप्रायाला साक्षीची किंमत येते. अशी वही दोन-तीन हंगाम चालली, तर त्या गावच्या शेतकऱ्याला परक्याचे तारे मोजीत बसण्याची गरज फारशी उरणार नाही.